दिवाळी अंकाचा लेख अडकलाय? मुदतीआधी हे तपासून पाहा

लेख कबूल करून महिना उलटून गेलाय, विषय तुमच्या आवडीचा आहे, आणि तरी खालच्यापैकी एखाददुसरी गोष्ट रोज घडते आहे:

- फाइल उघडता, पहिला परिच्छेद पुन्हा सुधारता, फाइल बंद करता. दुसऱ्या परिच्छेदाचा पत्ता नाही.
- संदर्भ वाचणं संपत नाही. "एवढं एक पुस्तक नजरेखालून घालतो, मग बसतोच."
- कोणी विचारलं तर विषयावर तासभर बोलता, ऐकणारा रंगून जातो. लिहायला बसलं की चार ओळींत सगळं संपतं.
- ठरावीक जागेपर्यंत लेख झरझर येतो आणि दर वेळी नेमका तिथेच हात थांबतो.
- लेख जवळजवळ झालाय, पण "एकदा शेवटचा हात फिरवतो" म्हणून पडून आहे.
- संपादकांचं नाव स्क्रीनवर दिसलं की फोन उलटा ठेवता.

दिवाळी अंकांसाठी मजकूर जमवणं आणि तो छपाईला जाईपर्यंत सांभाळणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. जुलै लागला की ही सगळी लक्षणं मला फोनवर ऐकू येतात, आणि लेखक स्वतःचं निदानही एकच सांगतात: "इच्छाच होत नाही हो." कथा लिहिणारे असोत, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आठवणी लिहिणारे असोत, की दर वर्षी चार अंकांना मजकूर देणारे मुरलेले लेखक असोत, वाक्य तेच.

मला वाटतं, इच्छा नसणं हा मूळ बिघाड फार थोड्यांच्या बाबतीत असतो. बाकीच्यांचं दुसरंच काहीतरी अडलेलं असतं आणि त्यामुळे इच्छा मरते. अडलेलं ते मोकळं झालं की इच्छा आपोआप परत येते, आणि तीही लिहायला लागल्यानंतर, आधी नाही. म्हणून स्वतःला आळशी ठरवण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा. पहिल्या काही तपासण्यांना पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. शेवटच्या जड आहेत. बहुतेकांचं काम तिथवर पोचायच्या आधीच होतं.

१. संपादकांना एक फोन

सगळ्यात सोपी तपासणी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. तीन गोष्टी विचारा. शब्दमर्यादा किती? लेखातून अंकाला नेमकं काय हवंय? मजकूर डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानं लावायला, खरोखर कधी जाणार आहे?

"पावसावर काहीतरी द्या" एवढ्या बोलीवर अडकलेले कितीतरी लेख मी पाहिले आहेत. पावसावर म्हणजे काय? आठवणी, शेती, मुंबईतले पुराचे दिवस, की घाटातला ट्रेक? लेखक मनातल्या मनात चारही लेख लिहायला घेतो आणि एकही पुढे सरकत नाही. "माझ्या डोक्यात धरणाखाली गेलेल्या गावातला पावसाळा आहे, दोन हजार शब्दांत बसवतो, चालेल?" असं विचारलं की संपादक हो म्हणतात किंवा दुसरं काहीतरी सुचवतात. दोन्ही उत्तरांनी लेख सुटतो.

तारखेचंही तसंच. लेखकाला कळवलेली तारीख आणि पानं लावायला घ्यायची तारीख यांत बहुधा थोडी सवड ठेवलेली असते. ती विचारून घेतली तर भीती आटोक्यात येते. उशीर होणार असेल तर तोही याच फोनवर सांगून टाका. अंक फर्म्याच्या हिशेबाने छापला जातो, साधारणपणे सोळा पानांचा एक फर्मा. तुमच्या लेखाची सहा पानं येणार की नाहीत हे माहीत नसलं की पुढची सगळी मांडणी लटकते. चित्रकार थांबतो, जाहिरातींच्या जागा ठरत नाहीत. "पंधरा दिवस उशीर होईल" हे वाक्य आम्हाला चालतं, त्यावर मार्ग निघतो. न उचललेल्या फोनवर मार्ग निघत नाही.

यंदा एक वेगळा धोका आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे "यंदा भरपूर वेळ आहे" असं सगळ्यांनाच वाटतंय. पण गणपतीही तसेच पुढे सरकून १४ सप्टेंबरला बसताहेत. त्या सुमाराला डीटीपी करणारे, चित्रकार, छापखान्यातली माणसं गावी जातात, आणि कोकणातला लेखक असेल तर तोही जातो. मिळालेले जादा दिवस गणपतीच्या आसपास पुरते विरघळतात. लेख गणपतीआधी हातावेगळा करायचा, असंच धरून चला.

२. लिहिण्याचं साधन

ही तपासणी लोकांना किरकोळ वाटते. मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ती किरकोळ नाही.

पाच मिनिटं घड्याळ लावून विषयावर मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग पाच मिनिटं टाइप करा. बोलण्यात गोष्ट कुठल्या कुठे पोचली आणि टाइप करताना दोन वाक्यांत अडकली, तर बिघाड इच्छेत नाही, बोटांत आहे. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्यांचं बरंच लक्ष प्रत्येक शब्दाला समोर आलेल्या पर्यायांतून बरोबरचा निवडण्यात जातं. तोवर पुढचं वाक्य थंड होतं. हे रोज तासभर घडलं की लिहिणंच नकोसं होतं, आणि त्याला आपण मूड नाही असं म्हणतो.

उपाय साधे आहेत. हातानं लिहा. फुलस्केपच्या एका बाजूला बाळबोध अक्षरात साधारण दोन-अडीचशे शब्द बसतात, म्हणजे दोन हजार शब्दांचा लेख आठ-दहा बाजूंचा. टायपिंग करून देणारे लोक आहेत, अंकाकडूनही सोय होऊ शकते, विचारा. नाहीतर फोनवर बोलून लिहा. मराठी व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी चालतं. विरामचिन्हं नीट येत नाहीत आणि गावांची, माणसांची नावं चुकतात, ती मागाहून दुरुस्त करायची. नवा कीबोर्ड शिकायला मात्र आत्ता घेऊ नका. इनस्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड शिकण्यासारखा आहे, पण मुदत डोक्यावर असताना तो पळवाटच ठरतो.

दुसरा अडसर शुद्धलेखनाचा. पहिला खर्डा लिहिताना दर तिसऱ्या शब्दाला "पहिली की दुसरी वेलांटी?" असं थांबणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो: ऱ्हस्व-दीर्घ पाहायला अंकाकडे मुद्रितशोधक असतो, ते त्याचं काम आहे. तुमच्याकडचं वाक्य मात्र दुसऱ्या कोणाकडे नसतं. फाँटचंही तेच. युनिकोडमध्ये द्यायचं की श्रीलिपीत, हे पहिल्या फोनमध्येच विचारून ठेवा. संध्याकाळच्या संध्याकाळ फाँट बदलण्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्यातून लेखात एका शब्दाचीही भर पडत नाही.

३. वेळ, जागा आणि फोन

हे थोडक्यात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता सायलेंट नको, दुसऱ्या खोलीत. आणि "उद्या लिहितो" असं ठरवू नका, "सकाळी दूध तापवून झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो" असं ठरवा.

त्याला आधार आहे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय केलं त्याचा वृत्तांत दोन दिवसांत लिहून द्यायला सांगितलं. अर्ध्यांना आपण तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हेही आधी ठरवायला लावलं. सणाच्या गडबडीत वेळेत लिहून देणाऱ्यांचं प्रमाण या दुसऱ्या गटात दुपटीहून जास्त निघालं. इच्छा दोन्ही गटांची सारखीच होती. फरक पडला तो जागा आणि वेळ पक्की असल्यामुळे, कारण मग त्या क्षणी "बसू की नको" हा निर्णयच घ्यावा लागत नाही.

वेळ लहान ठेवा. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. नोकरी, घर, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं हे सगळं सांभाळून लिहिणाऱ्या बाईला "रोज तीन तास काढा" असं सांगणं हा सल्लाच नाही. तिने चाळीस मिनिटं काढली आणि घरच्यांनी तेवढा वेळ तिला हाक मारली नाही, तर आठवडाभरात खर्डा उभा राहतो. घरच्यांशी आधी बोलून ठेवणं हाही या तपासणीचाच भाग आहे. बायकांचे लेख नेमके इथेच अडकलेले मला जास्त दिसतात, आणि त्याचा दोष त्या स्वतःच्या इच्छाशक्तीला देत असतात.

४. उलटं कॅलेंडर

शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या. लेख पाठवायचा दिवस, त्याआधी दोन दिवस कोणाला तरी वाचायला देण्याचे, त्याआधी तीन-चार दिवस दुरुस्तीचे, त्याआधी खर्डा. खर्ड्याला जे दिवस उरतात ते पाहून बहुतेकांना धक्का बसतो. तो आत्ताच बसलेला बरा.

उरलेल्या दिवसांवरही पूर्ण विश्वास ठेवू नका. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्याला सरासरी ३३.९ दिवस लागतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत पार पडणार असंच धरतो. मध्ये पाहुणे येणार, ताप येणार, लाइट जाणार हे हिशेबात नसतं. म्हणून खर्ड्याला सहा दिवस लागतील असं वाटलं तर दहा लिहा.

दुसरी गोष्ट, मधल्या तारखा दुसऱ्याच्या हातात द्या. डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये दाखवलं की तीन लेख तपासायचं काम दिलं, तेव्हा ठरावीक अंतराने बाहेरून मुदती मिळालेल्यांचं काम सर्वांत चांगलं झालं. स्वतःच्या तारखा स्वतः ठरवणारे मधे राहिले, आणि सगळं एकदम शेवटी द्यायची मुभा असणारे सर्वांत मागे. तेव्हा एखाद्या मैत्रिणीला सांगा, "बुधवारी रात्री नऊला मी तुला पाचशे शब्द पाठवणार, कसेही असोत." तिने ते वाचलेच पाहिजेत असं नाही. तिला ते मिळाले पाहिजेत, इतकंच.

इथपर्यंतच्या तपासण्या दोन दिवसांत उरकतात. माझ्याकडे आलेले निम्म्याहून अधिक लेख इथेच सुटतात. नाही सुटला, तर लेखाच्या आत शिरावं लागतं.

५. लेख सुरू कुठून होतोय?

पहिला परिच्छेद रोज बदलत असाल तर बिघाड बहुधा इथे आहे. तुम्ही चुकीच्या दारातून आत शिरायला पाहताय.

एका निवृत्त एसटी कंडक्टरकाकांचं उदाहरण सांगतो. विषय त्यांनीच दिला होता: मुक्कामी गाडी. संध्याकाळी आडगावात पोचणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी बस. बोलायला लागले की थांबायचे नाहीत. लेख मात्र महिनाभर एका परिच्छेदावर अडलेला. तो परिच्छेद मी मागवून घेतला. "१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एसटीची पहिली बस धावली," अशी सुरुवात. माहिती बिनचूक. पण या वाक्यापासून त्यांच्या गाडीपर्यंत यायचं तर तीस वर्षांचा इतिहास ओलांडायचा होता, आणि तो काही त्यांचा विषय नव्हता. दर वेळी लिहायला बसले की त्या तीस वर्षांपुढे दमून उठायचे.

मी फोनवर एवढंच विचारलं, "काका, गाडी मुक्कामाला लागली की तुम्ही सगळ्यात आधी काय करायचात?" ते म्हणाले, "आधी हिशेब. सगळे उतरले की ड्रायव्हर बोनेटवर अंग टाकायचा आणि मी मागच्या सीटवर ट्रे मांडीवर घेऊन बसायचो. तिकिटांच्या गठ्ठ्यांचे नंबर वेबिलावर उतरवायचे, चिल्लर मोजायची. बाहेर अंधार. तेवढ्यात पोलीसपाटलाच्या घरचं पोरगं खिडकीवर थापटायचं, 'आईनं जेवायला बोलावलंय.' भाकरी, आमटी, कधी सुकट. हिशेब जुळला नसला की घास उतरायचा नाही. आठ आणे कमी भरले तरी ते खिशातून घालायचे, आणि आठ आणे म्हणजे त्या वेळी..." मी म्हटलं, "काका, फोन ठेवा आणि हेच लिहा. 'आधी हिशेब' इथून."

आठवड्याच्या आत लेख आला. १९४८ सालाचं वाक्य त्यात होतं, पण तिसऱ्या पानावर, मध्येच, जिथे त्याची गरज होती तिथे.

तेव्हा तपासणी अशी: पहिला परिच्छेद झाकून ठेवा आणि स्वतःला विचारा, या लेखातलं कोणतं दृश्य, कोणता प्रसंग, कोणतं वाक्य मला आत्ता उभ्या उभ्या सांगता येईल? तिथून सुरू करा, मग ते लेखाच्या मध्यात येणारं का असेना. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहायची. बऱ्याचदा ती लागतही नाही. चहा घेताना तासभर बोलता येतं आणि लिहिता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी कोणाला तरी समोर बसवून लेख सांगावा आणि रेकॉर्ड करावा. ऐकणाऱ्याने "मग पुढे?" असं जिथे विचारलं, तिथे लेखाचा जीव आहे.

कथा अडकली असेल तर हाच प्रश्न पात्राबद्दल विचारायचा. त्या माणसाला या क्षणी काय हवंय आणि ते कोण अडवतंय? उत्तर देता येत नसेल तर वर्णनं कितीही वाढवली तरी कथा हलत नाही.

६. मजकूर कमी पडतोय की जास्त झालाय?

वाचन संपत नसेल तर दोन शक्यता असतात.

एक, खरोखरच काहीतरी कमी आहे. मग लिहिताना जिथे अडेल तिथे चौकट करून "इथे साल", "इथे त्या धरणाची उंची", "इथे मामांना विचारणे" असं लिहून पुढे जा. खर्डा झाला की चौकटींची यादी करा आणि एका बैठकीत ती निपटा. मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र शासनाची गॅझेटिअर्स ऑनलाइन आहेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा आपल्या तालुक्याचं वाचनालय इथल्या ग्रंथपालांना नेमकी यादी दिली की ते मनापासून मदत करतात. यादी नसताना वाचनालयात गेलं तर नवी पुस्तकं घरी येतात आणि लेख आणखी आठवडाभर लांबतो.

दुसरी शक्यता, विषय लेखापेक्षा मोठा आहे. "मराठी रंगभूमीवरील स्त्रिया" हा दोन हजार शब्दांचा विषय नाही; तो ग्रंथाचा आहे. आपल्या गावातल्या हौशी नाटकमंडळात पहिल्यांदा पुरुषाऐवजी बाई उभी राहिली ते वर्ष, हा लेखाचा विषय आहे. मोठा विषय घेतला की वाचन कधीच पुरं पडत नाही आणि लेखकाला आपलीच तयारी कमी आहे असं वाटत राहतं. विषय कापायला मन धजत नाही, कारण जमवलेलं वाया जाईल असं वाटतं. जमवलेलं ठेवा. दिवाळी अंकांची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केली आणि ती अजून जोमात आहे; पुढच्या वर्षीही अंक निघणार आहेत.

लेख पूर्ण असून पाठवला जात नसेल, तर तो एकाच माणसाला द्या आणि एकच प्रश्न विचारा: "कुठे कंटाळा आला?" तेवढी जागा दुरुस्त करा आणि त्याच दिवशी पाठवा. पुढे संपादन आहे, प्रूफं आहेत; एखादा शब्द बदलायला तेव्हाही वाव असतो.

७. हात नेमका कुठे थांबतो?

ही तपासणी अवघड आहे, पैशाने नाही, मनाने. ठरावीक जागी दर वेळी थांबत असाल तर त्या जागेच्या पुढे कोण उभं आहे ते पाहा.

आठवणींच्या लेखांत हे सर्रास होतं. वडिलांच्या गिरणीतल्या संपाचे दिवस लिहिताना लेखक घरातल्या उपासमारीपर्यंत येतो आणि थांबतो. पुढे काकांनी मदत नाकारल्याची गोष्ट आहे, काका गेले पण काकू आहेत, चुलतभाऊ अंक वाचतो. तुम्हाला वाटतं लिहायचा कंटाळा आलाय. खरं तर तुम्ही एका माणसाची काळजी घेताय, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण ते स्वतःशी कबूल केल्याशिवाय लेख सुटत नाही.

मी सुचवतो ते असं. तो भाग आधी स्वतःपुरता, कोणाला दाखवायचा नाही असं ठरवून, पूर्ण लिहा. सगळं. मग दोन दिवसांनी वाचा आणि ठरवा. कधी कळतं की ते नाव घेण्याची गरजच नव्हती, "जवळच्यांनीही पाठ फिरवली" एवढं पुरेसं आहे. कधी कळतं की तो प्रसंग काढला तर लेखात काही उरत नाही. मग छापायच्या आधी त्या माणसाला वाचायला द्या. मी अशा वेळी लेखकांना काकूंकडे जायला सांगितलं आहे. लोक आपण धरतो त्यापेक्षा मोठ्या मनाचे निघतात, आणि कधी त्यांच्याकडून गोष्टीची दुसरी बाजूही मिळते. नकार आला तर तो मानायचा की नाही हा निर्णय तुमचा. मी स्वतः मानण्याच्या बाजूचा आहे.

इथेच एका व्यावसायिकाची गरज लागू शकते. हयात व्यक्तीवर, संस्थेवर लेखात गंभीर आरोप असेल, पैसे खाल्ले, छळ केला असं काही, तर आपल्या अंदाजाने शब्द सौम्य करत बसू नका. संपादकांना आधी सांगा आणि वकिलाला दाखवा. मानहानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, आणि लेखक व प्रकाशक दोघंही त्यात ओढले जाऊ शकतात. नाव बदललं की सुटलो असं नसतं. माणूस ओळखू येत असेल तर प्रश्न उरतोच.

८. हा लेख तुम्हाला लिहायचाच आहे का?

सगळं करून झालं आणि अजूनही लेखाकडे पाहवत नसेल, तर हा प्रश्न विचारायला हरकत नाही. तो आठव्या क्रमांकावर ठेवला आहे, कारण पहिल्या दिवशी विचारला तर उत्तर हमखास "नाही" येतं.

भिडेखातर घेतलेला लेख, दहा वर्षं एकाच विषयावर लिहून लिहून आतून रिकामा झालेला विषय, ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याबद्दल मनात आता आदरच उरलेला नाही असा गौरवलेख: असे लेख मी परत घ्यायला सांगतो. फक्त पानं लागायच्या आधी. "हा लेख माझ्याकडून मनासारखा होत नाहीये, या वर्षी मला यातून मोकळं करा, या विषयावर अमुक चांगलं लिहू शकतील," असा निरोप जुलैत आला तर एकही संपादक रागावत नाही. सुचवलेलं नाव तर फार उपयोगी पडतं. हाच निरोप सप्टेंबरात आला तर मात्र सहा पानं भरण्यासाठी धावाधाव होते.

इथे थांबा

आता वरच्या कुठल्याच तपासणीत न बसणारी परिस्थिती. बिघाड लेखापुरता नसतो तेव्हा ही पोस्ट बाजूला ठेवा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली आहे, भूक लागत नाही किंवा खाण्यावर ताबा नाही, गाणं, क्रिकेट, नातवंडं यांतलं काहीच गोड लागत नाही, आंघोळीला उठायचंही ओझं वाटतं. असं असेल तर प्रश्न लेखाचा नाही. स्वतःला शिस्त लावून तो सुटत नाही आणि मुदत जवळ आणल्यानेही सुटत नाही. तो वाढतो. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ यांच्या कमतरतेनेही माणूस असाच गळून जातो आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. तिथे काही सापडलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटतंय, असा विचार एकदाही डोकावला असेल तर क्रमाने तपासत बसायचं नाही. आत्ता कोणाला तरी जवळ बोलवा आणि फोन लावा.

मनगट आणि अंगठा दुखतोय, बोटांना मुंग्या येताहेत, त्यासाठीही डॉक्टरच. पट्टा बांधून रात्रभर टाइप करू नका. झोप येऊ नये म्हणून दुसऱ्या कोणाच्या गोळ्या तर अजिबात घेऊ नका. मुदतीच्या आठवड्यात असा सल्ला देणारे भेटतात.

आणि संपादकांना अशा वेळी सविस्तर कारण द्यायची गरज नाही. "तब्येतीमुळे यंदा जमणार नाही" एवढा निरोप पुरतो. तोही स्वतः लिहवत नसेल तर घरातल्या कोणाला पाठवायला सांगा. अंकातली सहा पानं कशी भरायची ते आम्ही बघतो.